आत्याचं पाणी पुढं, मी मागं

पाटस सोडलं की तुकोबांची पालखी सोलापूर हायवेला रामराम करते आणि उजवीकडं रोटीच्या घाटाला लागते. हायवेनं सरळ गेलं तर कुरकुंभ, भिगवण, मग पळसदेव. पळसदेवच्या अलीकडं उजनी धरणाच्या पाण्याला खेटून तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे, तिथं माझी आत्या राहायची. पाटसच्या फाट्यावर माझे पाय जरा अडले. मागची बाई माझ्या पाठीवर आदळली, तिच्या डोक्यावरची तुळस हलली. "चला माउली, थांबू नका," ती म्हणाली. वळले.

आत्या २०२५ च्या माघात गेली. वय विचारलं तर "शंभरीला चार कमी" असं दहा वर्षं सांगत होती, त्यामुळं नक्की आकडा कुणालाच ठाऊक नाही. तिच्यामागं वारी करावी असं का वाटलं, हे मला नीट सांगता येणार नाही, कारण आत्या स्वतः एकदाही वारीला गेली नव्हती. इंदापूरला पालखी येते, वस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर. बाकीच्या बाया टेम्पोत बसून दर्शनाला जायच्या. ही जायची नाही. विचारलं की एकच उत्तर, "आमचं पानी जातंय की पंढरीला दरसाल. म्या आनि कशाला जाऊ?"

उत्तर खोटं नव्हतं. उजनीचं पाणी भीमेत सोडतात, तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते.

आम्ही भोई. धरणाच्या आधी आत्याच्या सासरची माणसं भीमेच्या पात्रात होडी चालवायची, उतारू पैलतीरी न्यायची, आणि पाणी ओसरलं की वाळूत कलिंगडं-खरबुजं लावायची. वाळूत हातभर खड्डा, तळाशी शेणखत, त्यात बी. आत्या सांगायची, वाळूतल्या कलिंगडाला चव असते ती काळ्या रानातल्याला येत नाही. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि वाळू, होडीचा उतार, घर, कलिंगडं सगळं पाण्याखाली गेलं. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळसुद्धा गेलं. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना लांब कुठं कुठं जमिनी मिळाल्या. ज्यांची शेतीच नदीच्या वाळूत होती त्यांना कशाच्या बदल्यात काय द्यायचं, हा प्रश्न कुठल्या कागदात बसला नसावा. ही माणसं पाणी चढेल तशी मागं सरकत गेली आणि पाणी थांबलं तिथं थांबली. उतारूंच्या होड्यांवर जाळी आली. आधी रोहू-कटला, पुढं चिलापी. भिगवणच्या लिलावात आत्या टोपलं घेऊन पहाटे उभी असायची.

यवतला पिठलं-भाकरी खाऊन झोपताना शेजारच्या आजींनी विचारलं, "माळ कधी घातली?" मी म्हटलं, नाही घातली, आमच्यात मासळीचा धंदा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग माझ्या तळपायाचा फोड टॉर्चच्या उजेडात बघून म्हणाल्या, "सुई-दोरा ओवून दोरा आत राहू दे, पानी आपसूक निघंल." माळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दिंडीतल्या दुसऱ्या एका बाईंनी मात्र वरवंडला हा विषय काढलाच, मासे सोडल्याशिवाय वारीचं पुण्य नाही म्हणून. मला राग आला, पण टाळ-मृदंगाच्या आवाजात भांडायला घसा लागतो. आत्याला कुणी असं म्हणालं असतं तर ती म्हणाली असती, "माळ घालून टोपलं उचलू का टोपलं ठेवून माळ घालू, येवढं इट्टलाला इचारून या." खरं म्हणजे एकदा कुण्या महाराजांना ती हेच म्हणाली होती, असं वस्तीत सांगतात. मी ऐकलेलं नाही, पण तिला शोभतं.

वस्तीत तिला सगळे आत्याच म्हणायचे. सासरच्या गावात बाई सगळ्यांची आत्या कशी होते याचा हिशोब मी कधी लावला नाही. बाळंतपणं करायची, भांडणं सोडवायची, हे तर अशा बायकांबद्दल सगळीकडंच सांगतात. तिची खरी खोड वेगळी होती. तिच्या दाराशी वनस्पती तुपाचे दोन जुने डबे असायचे आणि त्यांत चिंचोके. वस्तीतल्या एका होडीला एक चिंचोका. पहाटे होडी पाण्यात गेली की चिंचोका ह्या डब्यातून त्या डब्यात, परत आली की उलट. टक् असा आवाज व्हायचा. संध्याकाळी पहिला डबा भरेपर्यंत ती जेवायची नाही. चिंचोक्यांवर खुणा नव्हत्या, सगळे सारखेच, तरी कुणाचा राहिलाय हे तिला ठाऊक असायचं. लहानपणी मी सुट्टीत गेले की मला वाटायचं हा खेळ आहे. एकदा मी गंमत म्हणून एक चिंचोका लपवला. त्या रात्री आत्यानं तीन घरं उठवली, दोन माणसं बॅटरी घेऊन पाण्यात उतरवली आणि मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं जाळं वस्तीत आलं की तिचा आवाज चढायचा. असलं जाळं, त्याला वडाप म्हणतात, ते टाकून बोटाएवढी पिल्लं ओढणाऱ्यांशी तिनं उभं वैर धरलं, त्यात एक तिचा सख्खा पुतण्या होता. थोरला मुलगा भोसरीला कंपनीत लागला, त्यानं तिला दोनदा नेलं. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी ती एसटीनं परत आली. "तितं रातीला पान्याचा आवाजच येत न्हाई, झोप कशी लागंल?"

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेली, उणे साठ टक्क्यांच्या आसपास. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, पुण्यातनं गाड्या भरून लोक फोटो काढायला आले. आत्यानं हट्ट धरला म्हणून आम्ही तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेलं. भेगाळलेला गाळ, शिंपले, कुणाच्या तरी घराच्या जोत्याचे दगड. देवळाकडं तिनं हात जोडले पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. ती बघत होती एका विहिरीच्या कठड्याकडं. मग काठी उचलून म्हणाली, "तितनं वीस पावलं, तितं माजं घर." मी चालले. वीस पावलांवर गाळाशिवाय काही नव्हतं. अंगठ्यानं उकरलं तर खापराचा एक तुकडा निघाला. तिच्या हातात दिला तर तिनं उलटसुलट करून बघितला आणि टाकून दिला. "आमचं न्हाई ते. कुंबाराचं आसंल."

त्याच मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा माणसं गेली. त्यात वस्तीतलं कुणी नव्हतं. तरी आत्या त्यानंतर दिवसा झोपायची आणि रात्री डब्यांपाशी बसायची, असं सून सांगत होती.

काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्या धावल्या, बेलवाडीला गोल रिंगण झालं. या सगळ्याचे फोटो तुम्ही पाहिलेलेच असतात, मी वेगळं काय सांगणार. एवढंच सांगते की अश्व सुटतो तेव्हा टापेखालची माती उचलायला बाया ज्या वेगानं वाकतात तो वेग फोटोत येत नाही. माझ्या शेजारच्या आजी, त्याच माळवाल्या, गुडघे दुखतात म्हणून दोन दिवस ट्रकमधून येत होत्या. त्या सगळ्यांच्या आधी वाकल्या आणि चिमूटभर माती माझ्या कपाळालाही लावली.

इंदापूरला वस्तीतल्या बाया भेटायला आल्या. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, पायाला लावायला तेल. आत्याची सून पण होती. मी मनात एक ठरवून ठेवलं होतं ते तिला सांगितलं. आत्याचा डबा दे, चिंचोक्यांसकट पंढरपूरला नेते, चंद्रभागेचं पाणी दाखवते आणि परत आणते. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असावे.

"डबा कसा देऊ? सांजच्याला लागतो न्हवं."

आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे, होडी कुठं आहे ते विचारता येतं, असं काहीबाही मी म्हणाले. "मोबाईलला पान्यात रेंज न्हाई," ती म्हणाली आणि चटणीचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. एकवीस होड्या झाल्यात आता, दोन नव्या. नव्या होडीचा चिंचोका टाकायला ती माणसं आपण होऊन येतात, नारळ फोडतात.

सराटीला नीरेच्या काठावर पादुकांचं स्नान झालं तेव्हा गर्दीत मला फक्त छत्र दिसलं. ही नीरा पुढं नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला होता आणि जून सरायच्या आत उजनीतून भीमेत पाणी सोडायला लागलं होतं. म्हणजे आत्याच्या दारचं पाणी माझ्या पुढं निघून गेलेलं होतं. मी अकलूजला फोडांना पट्ट्या लावत बसले होते तेव्हा ते कुठवर पोचलं असेल? असले हिशोब चालताना सुचतात. दुसरं काही करायचं नसतं.

पंढरपुरात चंद्रभागा गढूळ, भरलेली. घाटावर पोलीस शिट्ट्या मारत होते, दोर लावले होते, भोंग्यावर हरवलेल्यांची नावं एकामागून एक. नातेपुत्याची आजी, लाल लुगडं, हातात पिशवी, चौकीशी थांबली आहे, नातेवाइकांनी घेऊन जावं. आमच्या दिंडीची मोजणी तीनदा झाली, तिसऱ्यांदा भरली. मी पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. पट्टीच्या आत झोंबलं. पाण्याला मासळीचा वास येईल असं उगाच वाटलं होतं. फुलांचा, बुक्क्याचा आणि चिखलाचा येत होता.

तिन्हीसांजेला सुनेला फोन लावला. गर्दीत आवाज पोचेना, दोनदा कटला. तिसऱ्यांदा लागला.

"आल्या का सगळ्या होड्या?" मी ओरडून विचारलं.

"कंच्या होड्या? आज एकादशी हाय न्हवं. एकबी पान्यात न्हाई." पलीकडं भांड्यांचा आवाज, पोरांचा दंगा. "तुमी जेवला का? उपास आसंल तर राजगिऱ्याचा लाडू खावा. पायाला त्याल लावलं का?"

नव्हतं लावलं. बाटली पिशवीच्या तळाशी होती, चटणीच्या डब्याखाली.