आधी नियम, मग रिकाम्या जागा

रविवारच्या गणित कट्ट्यावर सध्या क्रमिका, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या, चालू आहेत. मुलं सहावी ते नववीची, सोसायटीचा हॉल, एक फळा आणि ढीगभर पाठकोरे कागद. दहावीच्या अंकगणिती श्रेढीकडे इतक्यात वळायचं नाही, एवढं पक्कं होतं. ‘पहिलं पद अधिक एन वजा एक गुणिले साधारण फरक’ हे सूत्र एकदा हातात पडलं की पोरं संख्यांकडे बघणंच सोडतात, असं माझं मत. क्लासवाल्यांना पटणार नाही, चालेल.

शिष्यवृत्तीची तयारी केलेल्यांना संख्यामालिका म्हणजे एकच गोष्ट ठाऊक: चार संख्या, एक रिकामी जागा, फरक काढा आणि भरा. सराव दांडगा. म्हणून सुरुवातीला वर्तुळ दिलं. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना जोडा, आत किती तुकडे पडले ते मोजा. एका बिंदूला 1, मग 2, 4, 8, 16. सहाव्या बिंदूला वहीत न बघताच ‘32!’ म्हणून सगळे मोकळे. मोजायला लावलं तर बऱ्याच जणांचे 31 आले, काहींचे 30, आणि मग जी भांडणं! 30 वाल्यांनी कर्कटक घेऊन नेटका षट्कोन काढला होता. त्यात तीन कर्ण मधोमध एकाच बिंदूत भेटतात आणि मधला चिमुकला त्रिकोण गायब होतो. एक बिंदू जरासा सरकवला की तो परत उगवतो. 31 च्या वर मात्र जाताच येत नाही. सात बिंदूंना 57. दुपटीचा विषय तिथेच संपला.

मग उलट सुरू केलं. नियम मी सांगणार, क्रमिका तुम्ही बनवायची. यासाठी मला आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत शिकवलेला हा माणूस. 6174 मुळे (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती) आपण सगळे त्यांना ओळखतो, पण वर्गात त्याहून जास्त रंगते ती त्यांची अंकांच्या बेरजेची गंमत. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. 23, 28, 38, 49, 62, 70. फरक 5, 10, 11, 13, 8. फरक काढणारे इथे हात टेकतात, आणि नियम तर दुसरीतल्या पोरालाही जमेल असा.

यातली एक करामत पोरांना जादूच वाटली. या सहा संख्यांतले सगळे अंक मिळवायचे असतील तर शेवटच्या संख्येतून पहिली वजा करा आणि शेवटचीच्या अंकांची बेरीज मिळवा: 70 वजा 23 म्हणजे 47, अधिक 7, झाले 54. एकेक अंक मिळवून पडताळलं, बरोबर. का, हे नववीतल्या एकाने फळ्यावर दाखवलं: प्रत्येक फरक म्हणजेच आधीच्या संख्येच्या अंकांची बेरीज, राहते ती फक्त शेवटचीची.

मग प्रश्न टाकला, कुठूनच न येणाऱ्या संख्या कोणत्या? कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं. मुलांनी तक्ता केला: 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42, 53, 64, 75, 86, 97. ‘काका, आता 11 चाच फरक!’ 108 आली, सगळे खूश. पुढची 119 असणार असं ठरलं, आणि सातवीतल्या एका मुलीने तक्त्यात 110 वर बोट ठेवलं. दोनचाच फरक. शिवाय 119 ला तर जनक आहे, म्हणजे जिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवली की 119 येते अशी संख्या: 109 अधिक 10.

हे 2 आणि 11 येतात कुठून? दोन अंकी संख्येत एकक एकाने वाढला की उत्तर 2 ने वाढतं (संख्याही वाढते, अंकही), दशक एकाने वाढला तर 11 ने. इथे मी बराच वेळ रेंगाळलो, कारण पहिल्यांदाच बीजगणित कुणीतरी स्वतःहून मागितलं. 11 द + 2 ए. आठवीच्या पोरांना हे लिहिल्यावर तक्ता भराभर उलगडला. 101 ला दोन जनक आहेत, 91 आणि 100. दोन नद्यांचा संगमच. तिथून 117 पर्यंतची प्रत्येक विषम संख्या तशीच निघाली.

घरी नेण्यासाठी 10000000000001 दिली आहे. हिला तीन जनक आहेत. एक तर सहज दिसतो, 1 वर तेरा शून्यं. दुसरा 9999999999901. तिसरा सांगितलेला नाही. कट्ट्यावरची मंडळी हे वाचतात, तेव्हा इथेही कुणी फोडू नका.

पुढे लघू-गुरू घ्यायचा विचार आहे. वृत्तं मराठीच्या तासाला येतातच. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांच्या रचना पाच, पाचांच्या आठ. शेवटचं अक्षर लघू की गुरू एवढं विचारलं की ‘आधीच्या दोन पदांची बेरीज’ हा नियम आपोआप बाहेर पडतो, आणि विरहांक, हेमचंद्र या आपल्या जुन्या छंदशास्त्रकारांची नावं इटलीच्या फिबोनाचीच्या 1202 च्या पुस्तकाआधी घेता येतात. अडचण एकच, सहावीच्या मुलांची अजून वृत्तांशी गाठ पडलेली नाही. त्यांना टाळी आणि चुटकीवर शिकवून कुणी पाहिलं असेल तर कळवा.