दोन पानांसाठी एवढी चौकशी कशाला?

“अडुळशाची दोन पानंच मागतोय की वो, त्याला एवढी चौकशी कशाला?”

पाऊस लागला की गल्लीत हा प्रश्न ठरलेला. पानं कुणाला हवीत, वय किती, खोकला किती दिवसांचा, घरात कुणी गरोदर आहे का, हे विचारल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते.

पानांचा तोटा नाही. अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. जूनच्या पहिल्या पावसात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यायची आणि तीन-चार पेरांतली दोन मातीत जातील अशी खोचायची. जुलैच्या झडीत लावली तर आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, मुळं फुटायच्या आत बूड काळं पडून फांदी कुजते. कुंडीत लावताना निम्मी वाळू घाला. थंडीत पांढरी फुलं येतात, ती सरली की कंबरेएवढं छाटा, म्हणजे पान भरपूर येतं.

रस काढताना बहुतेकांचं चुकतं. ताजं पान वाटून पिळलं तर रस फडक्यालाच लागून राहतो. म्हणून वैद्य पुटपाक करतात: वाटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजून मग पिळायचा. घरी मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवलं तरी चालतं. पिवळी पडलेली आणि अगदी कोवळी पानं सोडून मधली घ्या, आधी नीट धुवा. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिली रस, मध घालून दिवसातून दोनदा, तोही तीन-चार दिवसच. जास्त घेतला तर मळमळतं, उलटी होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नाही. लहान मुलांचं प्रमाण मी सांगत नाही, वैद्यांना विचारा.

हे सगळं मी पूर्वीही सांगायचे. कुणासाठी हवंय, एवढं मात्र विचारत नव्हते. “झाडपाल्यानं काय होतंय?” हे माझंच वाक्य होतं.

एका पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी मूठभर पानं नेली. काढा कसा करायचा, तेही मीच सांगितलं. खोकला काकूंना नव्हता. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला होता, सातवा महिना. तीन दिवस दोन्ही वेळा काढा झाला. चौथ्या रात्री पोटात कळा सुरू झाल्या आणि भर पावसात रिक्षानं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. कळा थांबल्या, पुढं दिवस भरून बाळंतपण सुखरूप झालं. अशा कळा काढ्याशिवायही येतात, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी मला कधी बोल लावला नाही. पण अडुळशातलं वासिसीन नावाचं द्रव्य गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून याच्या मुळाचा लेप लावायची जुनी रीत आहे. ही रीत मला ठाऊक होती. तरीही मूठभर पानं देताना ती आठवली नाही, कारण मागणाऱ्या काकू साठीच्या होत्या. कळा माझ्या पानांनीच आल्या असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही आल्या असंही म्हणू शकत नाही.

“मग तुमचा आयुर्वेदावर विश्वास नाही का?” आहे, म्हणून तर विचारते. कफ पातळ करायचं ब्रोमहेक्सीन याच वासिसीनवरून घडवलं गेलं. ज्या पानात एवढा गुण आहे ते कुणालाही, कितीही कसं चालेल? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर मी पानं देतच नाही. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवते, तिथं पैसे पडत नाहीत.

यावर एकाचं उत्तर होतं, “तुम्ही नाही दिली तर कळंब्याच्या वाटेवरनं तोडून आणू.” आणतातही, धुळीसकट. तिथं विचारणारं कुणी नसतं. मग निदान प्रमाण सांगून इथूनच द्यावीत, असं कधी वाटतं. कधी वाटतं, माझ्या हातून नकोच. परवा एक मुलगी आजीसाठी म्हणून आली. मी चार पानं दिली आणि संध्याकाळी आजीकडं जाऊन खोकला नक्की कुणाला आहे ते बघून आले.