आंबा घाटात लाल दिवा

गाडी आठ महिन्यांची होती, मीटरवर 9,400 किलोमीटर. मागच्या सीटचं प्लॅस्टिक आईने अजून काढू दिलं नव्हतं.

मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. डिकीत हापूसच्या चार पेट्या, मागे आई आणि मुलगी, शेजारी बायको. साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट चढायला लागलो. दुपारचे अडीच, एसी पूर्ण, आणि पुढे एक रेंगाळणारा ट्रक. दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोयच नव्हती. तिसऱ्या की चौथ्या वळणावर एसीची हवा कोमट झाली. चढ आहे, होतं असं, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. मिनिटभरात डॅशबोर्डवर लाल दिवा.

हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन गार असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल, मधे काही नाही. मला हे अजूनही पटत नाही. पोराला ताप चढतोय हे कळायचं नाही, थेट फणफणल्यावर कळणार.

कुठेतरी वाचलेलं आठवलं म्हणून एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर टाकला, इंजिनची उष्णता तो ओढून घेतो म्हणून. मे महिन्यात हीटर! बायकोने माझ्याकडे बघितलं ते बघण्यासारखं होतं. पण हीटरमधून आली ती बाहेरच्यासारखीच हवा, गरम नाही. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं तर आत बारीक सूं असा आवाज आणि गोडसर वास. तो वास ओळखीचा होता. दोन महिन्यांपासून संध्याकाळी गाडी लावून उतरलं की तो यायचा, आणि नव्या गाडीचा वास म्हणून मी खूशही व्हायचो.

आई बिसलेरीची बाटली घेऊन उतरली. "झाकण काढ आणि ओत की पाणी. तुझ्या वडलांची अँबॅसिडर अशीच गार करायचो."

"आई, लांब हो आधी."

इंजिन गार ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, ज्या बाटलीत असतं तिच्या झाकणाच्या आत दाब असतो. त्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जायची भीती वेगळीच. चाळीस मिनिटं आम्ही झाडाखाली बसलो. मग जाड फडकं धरून झाकण थोडं थोडं सोडलं. कूलंटच्या बाटलीच्या तळाला चहाच्या घोटाएवढं गुलाबी कूलंट उरलं होतं. गाडी पुढे चालवायची नाही हे तिथेच ठरलं. अडीच तासांनी उचलून नेणारी गाडी आली.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "सर, प्रेशर टेस्ट केली, लीक नाही. नवीन गाडीत अडकलेली हवा निघून जाते, लेव्हल उतरते. टॉप-अप केलंय." तीन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसलाही हेच ऐकलं होतं. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच माणूस फसतो. सुरुवातीला हवा निघून पातळी थोडी उतरते खरी, पण एकदा. आठ महिन्यांत बाटली रिकामी होत नाही. गाडीखाली ओल दिसते म्हटलं तर म्हणे एसीचं पाणी. तेही असतंच.

घरी आणली आणि बाटलीवर कूलंटच्या रेषेशी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी, गाडी गार आणि अंगणातल्या त्याच फरशीवर उभी असताना बघायचं, हा नेम. गरम असताना पातळी फुगून वर दिसते, ती मोजण्यात अर्थ नाही. रात्री इंजिनखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा. पाचव्या दिवशी पातळी पट्टीच्या बोटभर खाली, पुठ्ठा मात्र कोरडा ठणठणीत. (गल्लीतलं कुत्रं पुठ्ठ्यावर येऊन झोपायचं, त्याला हाकलणं हे एक काम होऊन बसलं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, जनावरं चाटतात आणि मरतात.)

खाली सांडत नाही, मग जातंय कुठे? मनात सगळ्यात वाईट तेच आलं, हेड गास्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं सील. कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळत असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलमध्ये गेलं तर झाकणाच्या आत दुधाळ साय धरते. ऑइलचं झाकण काढून बघितलं, स्वच्छ. धूर नाही. हीटरच्या आत गळत असतं तर पायातला मॅट चिकट झाला असता आणि काचेवर तेलकट धुकं आलं असतं. तेही नाही.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी हीटरचं विचारलं. गरम हवा आली नव्हती म्हटल्यावर हसले. "मग काय, हीटरपर्यंत पाणीच पोचलं नाही. गाडी आधीच रिकामी होती ओ." मग इंजिन पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवलं, बंद केलं, आणि टॉर्च व दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन वाकले.

"हे बघा."

थर्मोस्टॅटच्या (तापमान बघून कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) प्लॅस्टिकच्या घराखाली, बोल्टच्या बाजूला, गुलाबी-पांढरी पावडर. नळाच्या तोटीला क्षार धरतो तशी. थेंब तापलेल्या इंजिनवर पडतो, जागेवरच वाफ होते, मागे एवढंच राहतं. पुठ्ठा कोरडा का, ते कळलं.

"काढून बघू का मामा?"

"मी हात लावायचा नाही आणि तुम्हीपण नाही. वॉरंटीत आहे. उद्या म्हणतील बाहेर उघडली. फोटो काढा, पावडर पुसू नका."

मी फोटो काढले, चिकटपट्टीचेही, तारखांसकट. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला ते सगळं टेबलावर ठेवलं आणि एकच मागितलं: टेस्ट गरम असताना करा, माझ्यासमोर. ॲडव्हायझर कुरकुरला, पण वर्क्स मॅनेजरने फोटो बघितले आणि गाडी पिटवर घ्यायला सांगितली. टेस्टचा दाब देणारा पंप इंजिन गार असतानाच झाकणाच्या जागी बसवला, मग इंजिन चालू केलं. पंधरा मिनिटं काही नाही. मला घाम फुटायला लागला. मग पंखा लागला आणि बोल्टच्या कडेला एक थेंब फुगला, गुलाबी, डाळिंबाच्या दाण्याएवढा. कोणी काही बोललं नाही. थेंब पडला, दुसरा फुगायला लागला. बोल्टच्या भोकापासून केसाएवढी चीर होती. गार असताना मिटलेली, प्लॅस्टिक तापलं की उघडणारी. आधीची त्यांची दहा मिनिटांची गार टेस्ट पास झाली त्यात नवल नव्हतं.

भाग वॉरंटीत बदलून मिळाला, त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो पुढच्या मागणीवर. घाटात इंजिन तापलं त्याने हेडचं काय झालं, हे कोण बघणार? "चालतीय की व्यवस्थित" हे उत्तर मला नको होतं. कूलंटच्या बाटलीतली हवा निळ्या रसायनातून सोडून एक तपासणी होते, जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ती आणि सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट, दोन्ही करून आकडे जॉब कार्डवर लिहून द्या म्हणालो. दोन दिवस लागले. रंग निळाच राहिला, चारही सिलिंडर सारखे. तडा गेलेला तुकडा मागितला तर म्हणाले, वॉरंटीचा भाग कंपनीकडे परत जातो. फोटोवर भागवलं.

नंतर ओबीडीत, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या सॉकेटात, लावायचं एक ब्लूटूथचं यंत्र घेतलं, मोबाइलवर तापमानाचा आकडा दिसतो. माझ्या गाडीचं एरवी 90 ते 97 असतं. मागच्या महिन्यात परत आंबा घाट चढलो, या वेळी 101 च्या वर गेलं नाही. पावसाळी हवा होती, तेव्हा मे महिन्यातली परीक्षा बाकीच आहे. आई मागून दर वळणाला विचारत होती, "किती झालं?"

बाटलीवरची पट्टी अजून तशीच आहे. सीटचं प्लॅस्टिकही.