भरतीच्या वेळा आणि यॅमलची अवतरणचिन्हे: नोंद तिसरी

रत्नागिरीजवळच्या भाट्ये आणि मिऱ्या येथील भरती-ओहोटीच्या माझ्या वह्या यॅमल (माहिती साध्या मजकुरात मांडून ठेवण्याची एक पद्धत) फायलींत उतरवण्याचे काम आषाढाच्या वहीपर्यंत आले आहे. आलेख काढताच मात्र काही ठिपके थेट कागदाबाहेर गेले, कारण वहीतली ११:२४ ही वेळ प्रोग्रामच्या हाती ६८४ होऊन पोहोचली होती, आणि ०५:४२ जशीच्या तशी होती.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत यॅमल फायली वाचणारी-लिहिणारी पाययॅमल लायब्ररी (तयार कोडचा संच) यॅमल १.१ चे नियम पाळते, आणि त्या नियमांत अवतरणाविना लिहिलेले ११:२४ हा साठ पायाचा पूर्णांक ठरतो: ११ गुणिले ६० अधिक २४. शून्याने सुरू होणाऱ्या आकड्याला हा नियम लागत नाही. त्यामुळे सकाळी दहाच्या आतल्या वेळा बचावल्या आणि पहाटेच्या भरतीवर घेतलेली माझी चाचणी बिनबोभाट पार पडली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आपल्याकडे बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ज्या नोंदींसाठी हा खटाटोप केला, नेमक्या त्याच बिघडल्या. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा साठाचा हिशेब काढून टाकला आहे, पण लायब्ररी जुन्या नियमांवर असेपर्यंत त्याचा आपल्याला उपयोग नाही. (फायलीत आकडे इंग्रजी आहेत, देवनागरी असते तर ही वेळच आली नसती.)

आता सर्व वेळा एकेरी अवतरणात आहेत. तिथे \ हे केवळ \ असते आणि मजकुरात ' हवे असेल तर ते '' असे दोनदा लिहायचे, एवढाच नियम आहे. शेरेही त्यातच घातले, कारण 'जाळे #२ फाटले' हे उघडे लिहिले की रिकाम्या जागेनंतरचे # टिप्पणी सुरू करते आणि हाती फक्त 'जाळे' उरते, तेही कोणतीही तक्रार न होता. शेऱ्यात मधेच : आणि रिकामी जागा आली तर निदान फाइल वाचतानाच चूक दाखवली जाते, ते परवडले. अनेक ओळींच्या शेऱ्यांना | पुरते.

दुहेरी अवतरणाचा मला कंटाळा होता, कारण लायब्ररी फाइल परत लिहिताना सारी देवनागरी त्यात कोंबून प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि त्या अक्षराचा चार अंकी युनिकोड क्रमांक ठेवते. पण त्यामुळेच एक गोष्ट सापडली. एका 'मिऱ्या'त ०९३१ (म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर) होते, तर दुसऱ्यात साधा र आणि पुढे २००डी हा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत, पण प्रोग्राम त्यांना दोन गावे समजत होता. सगळीकडे ०९३१ केले. श्रावणाची वही त्याच नजरेने तपासायची आहे.