नळाजवळच्या कुरडूचा शेंडा चपटा झाला!

नळाजवळच्या रोपाने पुन्हा घोळ घातलाय. पावसाळाभर त्याचं कणीस सरळ, टोकदार होतं; खाली रुपेरी, वर गुलाबी, अगदी माळावरच्या कुरडूसारखं. टॅगवर ‘स्पिकाटा?’ (कणसासारख्या तुऱ्याचा सेलोशिया; कुरडू आणि कोंबडा दोन्ही सेलोशियाच) असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं होतं. आता त्याच कणसाचा शेंडा चपटा होतोय. करंगळीच्या नखाएवढी रुंदी, कडेला बारीक चुण्या. कोंबडाच की, बागेतला तो चपट्या तुऱ्याचा!

बाकी वाफ्याचं आधी उरकतो. तांबडे कोंबडे तळहाताएवढे झालेत. पिवळे प्लुमोसा (पिसासारख्या तुऱ्याचे सेलोशिया) सरींनी लोळवले होते, काठ्या दिल्यावर उभे राहिले. कुंपणाकडचं ते वादग्रस्त गुलाबी रोप मात्र कुंजर हे रानरोप निघालं, कुरडू नव्हेच. फळ फोडल्यावर निकाल लागला: सेलोशियाची डबी झाकण उडाल्यासारखी उघडते आणि आत काळ्या, चकचकीत बिया असतात, एकाहून जास्त. कुंजराच्या फळात बी एकच. ही मजा दहापट भिंगातून बघा. सोनाराकडचं साधं घडीचं भिंग घ्या, मोबाइलला चिकटवायच्या मॅक्रो लेन्सपेक्षा शंभरदा बरं.

शेजारच्या पद्मशाली काकू बतुकम्मा या तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणासाठी कुरडूची कणसं मागायला आल्या. म्हटलं, बाकीची हवी तेवढी न्या, फक्त नळाकडे हात लावू नका. सोलापुरात या दिवसांत कुरडू वाचवणं सोपं नाही.

आता मूळ दुखणं. माझ्यापुढे तीन शक्यता आहेत. पहिली, हा गेल्या वर्षीच्या तांबड्याचा पडीक बी आहे. फरशीच्या फटीत मुळांची कोंडी झाली की सेलोशिया लहानपणीच फुलतो आणि तुरा धड भरत नाही. कोंबड्याचा तुराही सुरुवातीला साध्या कणसासारखाच दिसतो. वाढीचा बिंदू रुंदावत गेला की मग पट्टी होते. दुसरी शक्यता, हा निव्वळ कुरडू आहे आणि शेंड्याला इजा झाल्याने फॅसिएशन, म्हणजे शेंडा चपटा होण्याची विकृती, झालंय. किडीने किंवा जंतूंनीही असं होतं. तिसरी, जी सगळ्यांना आवडते: कुरडू आणि कोंबड्याचा संकर.

संकराबद्दल मी साशंक आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये अर्जेंटिया (कुरडू) आणि क्रिस्टाटा (कोंबडा) या दोन वेगळ्या जाती धरल्या, पुढे अनेकांनी क्रिस्टाटाला अर्जेंटियाखाली घातलं, त्यामुळे दोघांचं सहज जुळत असेल असं वाटतं. पण गुणसूत्रांच्या नोंदी कुरडूच्या ७२ आणि कोंबड्याच्या ३६ अशा आहेत. असा संकर झालाच तर बी तुरळक किंवा पोकळ निघण्याची शक्यता जास्त. रंगावरून तर काहीच ठरवू नका. तांबडा, पिवळा, गुलाबी सगळे बीटलेन या रंगद्रव्यांचेच खेळ. बियांच्या पाकिटावरच्या ‘मिक्स’ या शब्दावरही नको. एका दुकानाच्या ‘क्रिस्टाटा मिक्स’मधून मला निम्मे प्लुमोसा मिळाले.

हे रोप दाबून वहीत चिकटवायचं ठरलं होतं. ते रद्द. हे लिहितानाच सुचलं की बीच साक्ष देईल. लग्नात बदाम-खडीसाखर वाटतात त्या जाळीच्या पोटल्या घरात पडून आहेत, त्यातली एक आजच कणसावर चढवतो, म्हणजे बाहेरचा पराग येणार नाही. कोंबड्याच्या माथ्यावर बी जवळजवळ धरत नाही, ते खालच्या बाजूंना असतं, म्हणून पोटली बुडापर्यंत ओढायची. बी भरलं आणि पुढच्या पिढीत चपटे तुरे आले तर पहिली शक्यता. सगळी साधी कणसं आली तर शेंड्याचा अपघात. बी पोकळ निघालं तर संकरवाल्यांना पेढे.

आणखी एक. त्याच तांबड्याचं जपलेलं बी अर्धं चहाच्या कागदी कपांत आणि अर्धं मोठ्या कुंड्यांत एकाच दिवशी पेरतो. कपातल्यांनी कणसं काढली आणि कुंडीतल्यांनी तुरे, तर मुळांच्या कोंडीचा मुद्दा तिथेच मिटेल. थंडीत उगवण रेंगाळते, म्हणून पेरणी फेब्रुवारीच्या शेवटी.

तोवर टॅगवर फक्त ‘सेलोशिया’. कुणाला माळावर चपट्या शेंड्याचा कुरडू दिसला तर बाजूच्या फांद्या नक्की तपासा: त्याही चपट्या आहेत की फक्त मुख्य शेंडा? माझ्याकडे बाजूच्या अजून टोकदारच आहेत.