स्कॅफेल पाइक : शेवटच्या दोन किलोमीटरबद्दल कुणी काही का सांगत नाही?

"फक्त 978 मीटर, कळसूबाईपेक्षा कितीतरी बुटका. पायवाट मळलेली आहे, दुपारी खाली याल." इंग्लंडमधल्या सर्वात उंच शिखराबद्दल ज्याला विचारलं त्याने हेच ऐकवलं. एस्क हॉजच्या खिंडीपर्यंत ते खरंही आहे, त्यामुळे त्या भागाबद्दल काही लिहीत नाही.

पुढे इल क्रॅग आणि ब्रॉड क्रॅग या शेजारच्या शिखरांच्या खांद्यावर पायवाट गायब. उरतात नुसते धोंडे, काही फ्रीजएवढे, सगळे धारदार कोनांचे आणि मधे पाय अडकेल अशा फटी. सह्याद्रीतल्या घसाऱ्याचा सराव इथे निरुपयोगी. तिथे पाय घसरतो, इथे मुरगळतो. एवढ्याशा अंतराला एस्क हॉजपर्यंतच्या चढापेक्षा जास्त दम लागला.

हे धोंडे वरून कोसळलेले नाहीत. वर कोसळायला कडाच नाही. ते जागच्या जागी फुटलेत. खडक सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा, मुळातच चिरा पडलेला. पाणी गोठताना 9 टक्के फुगतं हे शाळेत शिकलो, पण खरं काम त्याहून संथ असतं. शून्याखाली काही अंश थंडी टिकून राहिली की चिरेतला बर्फ आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढत जाड होत जातो आणि खडक उकलतो. रोज गोठून रोज वितळण्यापेक्षा लांबलेला गारठा जास्त फोडतो. तसा कडाका इथे सुमारे 11,700 वर्षांपूर्वी ओसरला. आता बहुतेक दगडांवर दगडफूल चढलंय, म्हणजे ते बऱ्याच काळात हललेले नाहीत. ओलं दगडफूल मात्र शेवाळासारखं निसरडं. आणि पायथ्याचं सीथवेट इंग्लंडमधल्या सर्वात पावसाळी वस्त्यांपैकी एक, तेव्हा ते कोरडं मिळेल ही आशा सोडा.

जाणाऱ्यांसाठी: धोंडे सुरू होताच काठ्या घडी करून सॅकला लावा, फटीत अडकून मोडतात. दोन्ही हात मोकळे हवेत. घोटा धरणारे, कडक तळव्याचे बूट घाला. धुक्यात वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या राशींवर विसंबू नका, कुणीही कुठेही रचून ठेवल्यात. नकाशा आणि होकायंत्र हवंच. उतरताना कॉरिडॉर रूट नावाच्या दुसऱ्या वाटेने स्टाय हेडच्या खिंडीत या. त्यातही एका ठिकाणी हात लावावे लागतात, पण धोंड्यांतून परत जाण्यापेक्षा शंभरपट बरं. फक्त डावीकडच्या पिअर्स गिलच्या घळीत शिरू नका. तिथे अडकलेल्यांना बचाव पथकाला बाहेर काढावं लागतं. गरज पडली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा.

जवळच्या केझिक गावाहून टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा लिहायचीही लाज वाटते. सरळ 78 नंबरच्या बसने सीटोलरला उतरा, तिथून सीथवेट चालत अर्ध्या तासावर. परतीची शेवटची बस कितीची ते मात्र सकाळीच बघून ठेवा, कारण धोंड्यांत वेळेचा अंदाज हमखास चुकतो. लहान मुलांना या बाजूने आणूच नका.