सहा बाटल्या आणि एक उसाचा हंगाम

ऊसतोडीत आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर घ्यायची, दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरातून कृष्णाकाठी उतरायचं, आणि पाडव्याच्या आसपास परत. 2016 ला लेकीच्या वेळी गरोदरपणाच्या तपासणीत मला एचआयव्ही असल्याचं कळलं, मागोमाग मालकांनाही. गोळ्या लगेच सुरू झाल्या. लेक दीड वर्षाची झाली तेव्हा तिची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवसापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही.

पण गोळ्या मिळायच्या महिन्याच्या. 30 गोळ्यांची बाटली, संपायच्या आत गावाकडच्या एचआयव्ही उपचार केंद्रावर हजर. फडावरून रात्रभर एसटी, सकाळी रांग, वजन, समुपदेशन, औषध, पुन्हा रात्रभर एसटी. आळीपाळीनं एकजण दोघांची उपचाराच्या नोंदींची हिरवी पुस्तकं घेऊन जायचो. दोन दिवसांचे खाडे. मजुरी बुडते ती वेगळीच, मुकादम खाड्याचे पैसेही उचलीत चढवतो. आणि टोळीला सांगायचं काय? एकदा सासूबाई आजारी, एकदा लेकीला ताप. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या कोपीतली म्हणालीच, "अगं, तुमच्या घरी नेमकं आजारी हाय तरी कोण?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कारखान्यावर अडकलो तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. नंतर परत महिन्याचंच सुरू झालं. 2022 ला तर तुटवड्यामुळं आमच्या केंद्रावर दहा-दहा दिवसांच्याच गोळ्या हातात पडत होत्या. त्याच वर्षी दिल्लीत आपली एचआयव्हीवाली माणसं गोळ्यांसाठी महिनाभराच्या वर धरणं धरून बसली होती. त्यांचं ऋण मी विसरणार नाही.

2023 च्या श्रावणात मी समुपदेशक ताईंना सरळ विचारलं, "ताई, हंगामाला जाताना तीन महिन्यांचं मिळंल का?" त्या म्हणाल्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला पाहिजे, गोळ्यांचा हिशोब बरोबर पाहिजे आणि खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यातलं काही नको. माझी व्हायरल लोडची वर्षाची तपासणी हंगामात चुकली होती. लगेच रक्त दिलं. मालकांचंही घेतलं.

हिशोबात मालक अडकले. ताईंनी बाटली कागदावर उलटी केली, दोन-दोन करत गोळ्या सरकवल्या. सहा उरायला हव्या होत्या, निघाल्या दहा. मालक खाली मान घालून बसले. ताई रागावल्या नाहीत. "दादा, गोळी कधी घेता?" मालक म्हणाले, रात्री. आधीची जुनी गोळी रात्री घ्यायची, तीच सवय. दमून आलं की जेवायच्या आधीच डोळा लागतो. "ही नवी गोळी दिवसा घेतली तरी चालते. सकाळच्या चहाबरोबर घ्या." एवढ्या एका वाक्यानं त्यांचं काम झालं. पुढच्या महिन्यात हिशोब गोळीला गोळी जुळला. दोघांचे रिपोर्टही आले, रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नव्हता.

निघायच्या आठवड्यात खिडकीतून सहा बाटल्या मिळाल्या. तीन माझ्या, तीन त्यांच्या. मी त्या ओटीत घेतल्या, पदर खोचला आणि बाहेर पायरीवर बसून थोडं रडले.

बाटल्या खुळखुळतात, हे ज्यानं त्या वागवल्यात त्यालाच माहीत. चालू बाटलीत मी वर स्वच्छ कापूस दाबते, बाकीच्या लेकीच्या जुन्या झबल्यात गुंडाळून बाजरीच्या पिठाच्या डब्याशेजारी पत्र्याच्या पेटीत. कोपीत दव उतरतं, म्हणून गोळ्या मूळ बाटलीतून काढायच्या नाहीत, हे ताईंनी बजावलं होतं.

तीन महिने एकही खाडा नाही. उरलेल्या महिन्यांसाठी ताईंनी कारखान्याजवळच्या केंद्राचं नाव लिहून दिलं होतं. जानेवारीत मालक हिरवी पुस्तकं घेऊन गेले आणि संध्याकाळी ट्रॅक्टर भरायच्या आत परत आले.

आता माझी मागणी सहा महिन्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटना स्थिर रुग्णाला तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या द्या म्हणते, आणि आमचा हंगामही तेवढाच. तोवर फडावर जाणाऱ्यांनी पोळ्याच्या आधी व्हायरल लोडचं रक्त देऊन ठेवा. रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि मुकादमाची गाडी थांबत नाही.